साडेपाच पौंडांचं बाळ

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात होल्ड्सवर्थ मेमोरियल नावाचं रुग्णालय आहे. गावात त्याला 'मिशन हॉस्पिटल' म्हणतात. मेथडिस्ट मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काढलं. १९३४पासून तिथल्या प्रसूती विभागात एक शिस्त होती. बाळ जन्मलं की त्याचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर मोजायचा आणि लिहून ठेवायचा. त्या काळी बहुतेक बाळंतपणं घरीच होत. सुईण येई, आणि बाळ 'गुटगुटीत' होतं की 'किडकिडीत' एवढंच पुढे कानावर राही. मिशन हॉस्पिटलात मात्र आकडा लिहिला जाई. लिहिणाऱ्यांना त्याचं पुढे काय होणार हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

झालं ते असं. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी यांना हार्टफर्डशर परगण्यातल्या जुन्या नोंदवह्या मिळाल्या होत्या. एथेल मार्गारेट बर्नसाइड या आरोग्यसेविकेनं १९११मध्ये तिथल्या दायांना नवजात बाळांची वजनं लिहायला लावलं होतं. त्या वह्यांतल्या ५,६५४ पुरुषांचा पुढचा माग काढून बार्कर यांनी १९८९मध्ये दाखवून दिलं, की बाळपणी ज्यांचं वजन कमी होतं त्यांच्यात पुढे हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण जास्त होतं. प्रश्न असा उभा राहिला, की हे इंग्लंडपुरतंच खरं की आपल्याकडेही? भारतात उत्तर शोधायचं तर तशाच जुन्या नोंदी हव्यात. त्या म्हैसूरला होत्या.

डॉ. कॅरोलाइन फॉल, डॉ. कल्याणरामन कुमारन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशन हॉस्पिटलात १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेल्या आणि अजून आसपासच राहणाऱ्या ५१७ स्त्री-पुरुषांना शोधून तपासलं. निष्कर्ष १९९६मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. जन्माच्या वेळी साडेपाच पौंड किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांपैकी ११ टक्के लोकांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार होता. सात पौंड किंवा जास्त असलेल्यांत तो ३ टक्क्यांना होता. हृदयविकार म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा रोग, अशी आपल्याकडची जी समजूत आहे तिला हा चांगलाच धक्का होता.

दोन वर्षांनी त्याच गटातल्या मधुमेहाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि तिथे गोष्ट फिरली. इंग्लंडमध्ये मधुमेहही जन्मतः लहान असलेल्यांनाच जास्त होता. म्हैसूरमध्ये मधुमेह जास्त आढळला तो जन्मतः लांबीच्या मानानं जाड असलेल्यांत आणि ज्यांच्या आया गरोदरपणी वजनानं जास्त होत्या त्यांच्यात. म्हणजे हृदयाच्या बाबतीत म्हैसूर इंग्लंडसारखं आणि साखरेच्या बाबतीत वेगळं. हा फरक दिसला कशामुळे? दोन्हीकडे वजनाचा आकडा लिहिलेला होता आणि एक दुसऱ्याशेजारी ठेवता आला म्हणून. म्हैसूरच्या वहीत लांबीही होती, म्हणून 'लहान' आणि 'बुटकं पण जाड' ही दोन बाळं वेगळी ओळखता आली.

आरोग्याच्या नोंदी एकमेकींशी जुळवणं, ज्याला हल्ली डेटा हार्मोनायझेशन म्हणतात, ते काम ऐकायला संगणकाचं वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं निम्म्याहून जास्त काम संगणक सुरू करण्याच्या आधीचं असतं, आणि ते पुष्कळदा पन्नास वर्षं आधी कुणीतरी करून ठेवलेलं असतं, किंवा ठेवलेलं नसतं.

पहिली अडचण माणूस ओळखण्याची. वहीत आहे एक बाळ, बहुधा अजून नावही न ठेवलेलं, आणि त्याच्या आईबापाचं नाव. समोर आहे पन्नाशीचा गृहस्थ. हे दोघे एकच, हे ठरवायचं कसं? म्हैसूरच्या पथकानं रुग्णालयाच्या भोवतालच्या वस्तीत घरोघर फिरून विचारलं, की इथे मिशन हॉस्पिटलात जन्मलेलं कुणी आहे का? मग आईवडिलांची नावं आणि जन्मतारीख वहीशी ताडून पाहिली. हे वाचायला सोपं आहे. पण जुन्या म्हैसुरात पुष्कळांना आडनावच नसतं. वडिलांच्या किंवा गावाच्या नावाचं आद्याक्षर पुढे लागतं. आपल्याकडे आडनाव असतं, पण मुलगी लग्न होऊन गेली की तिचं नावापासून आडनावापर्यंत सगळं बदलू शकतं. जन्मतारखेचं तर विचारूच नका. आपल्या आजी-आजोबांपैकी कितीजणांची खरी तारीख शाळेच्या दाखल्यावरच्या तारखेशी जुळते?

भरीला गावांची नावं बदलतात. १९६०च्या एखाद्या कागदावर नुसतं 'म्हैसूर' लिहिलं असेल तर ते शहर, जिल्हा की राज्य? राज्याचं नाव १ नोव्हेंबर १९७३ला कर्नाटक झालं आणि शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ला मैसूरु झालं. रोमन लिपीत याची स्पेलिंगं वेगळी आणि संगणकाला ती सगळी वेगळी गावं वाटतात.

एकाच माणसाच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र आणण्याच्या या कामाला 'रेकॉर्ड लिंकेज' हे नाव अमेरिकेतल्या हॅल्बर्ट डन यांनी १९४६मध्ये दिलं. जन्मापासून मरणापर्यंतच्या सगळ्या सरकारी नोंदी एकत्र बांधल्या तर प्रत्येकाच्या आयुष्याचं एक पुस्तक होईल, अशी त्यांची कल्पना होती. १९६९मध्ये फेलेगी आणि संटर यांनी त्याला गणित दिलं. नाव, तारीख, पत्ता यांतली प्रत्येक गोष्ट जुळली तर किती गुण द्यायचे आणि न जुळली तर किती वजा करायचे, हे ते गणित सांगतं. 'लक्ष्मी' हे नाव जुळलं तर म्हैसुरात त्याला फारशी किंमत नाही, कारण गल्लीगल्लीत लक्ष्मी आहेत. एखादं विरळ नाव जुळलं तर त्याला भरपूर गुण. आजची संगणक-प्रणालीही मुळात हेच करते. घरोघर फिरणारे कार्यकर्ते हेच डोक्यात करत होते, शिवाय त्यांना आजीला विचारता येत होतं.

यातून निसटतात त्यांचाही विचार करायला हवा. जे म्हैसूर सोडून गेले ते सापडले नाहीत. जे लहानपणी किंवा चाळिशीतच गेले त्यांना शोधायचा प्रश्नच नव्हता. सासरी गेलेल्या मुली शोधणं मुलग्यांपेक्षा अवघड. आणि १९३०-४०च्या दशकात दवाखान्यात बाळंत व्हायला येणारी बाई ही सर्वसाधारण बाई नव्हेच. म्हणून म्हैसूरचा निष्कर्ष म्हैसूरच्या सगळ्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. संशोधकांना हे ठाऊक असतं. बातम्यांत ते गळून पडतं.

आता या लेखाच्या नावाकडे येतो.

साडेपाच पौंड म्हणजे किती ग्रॅम? एक पौंड ४५३.५९ ग्रॅमचा धरला तर उत्तर येतं २,४९४.७. आपण सहज म्हणतो, अडीच किलो. आता जागतिक आरोग्य संघटनेची 'जन्मतः कमी वजना'ची व्याख्या पाहा. आधी ती '२,५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी' अशी होती. १९७६मध्ये ती '२,५०० ग्रॅमपेक्षा कमी' अशी झाली. फरक एका 'किंवा'चा. पण त्या एका शब्दापायी काय होतं ते बघा. साडेपाच पौंडांचं बाळ नेमकं रूपांतर करून लिहिलं तर २,४९५ ग्रॅमचं, म्हणजे नव्या व्याख्येनुसार कमी वजनाचं. तेच बाळ कुणी 'अडीच किलो' म्हणून संगणकात भरलं, तर ते २,५०० ग्रॅमचं झालं आणि कमी वजनाच्या यादीतून बाहेर गेलं. बाळ तेच, काटा तोच. बदलला फक्त भरणाऱ्याचा हात.

एखाददुसऱ्या बाळाचा प्रश्न असता तर सोडून दिलं असतं. पण काटा वाचणारा माणूस गोल आकड्याकडे झुकतो, हे जगभरच्या नोंदींत दिसतं. पौंडांत मोजणारा पूर्ण, अर्धा, फार तर पाव पौंड लिहितो. किलोत मोजणारा २.५ आणि ३.० लिहितो. २.४ आणि २.६च्या मानानं २.५वर बाळांचा ढीग पडतो. आणि आपण रेघ मारली आहे ती नेमकी त्या ढिगावर. दोन रुग्णालयांच्या नोंदी एकत्र करताना एकानं '२.५ किंवा कमी' आणि दुसऱ्यानं '२.५पेक्षा कमी' असं धरलं असेल, तर आईच्या आहारात काहीही फरक नसताना एका गावात कमी वजनाची बाळं भरमसाट जास्त दिसतील. त्यावर एखादी योजनासुद्धा निघू शकते.

भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६चा, आणि दवाखान्यांच्या काट्यांवर ती टप्प्याटप्प्यानं आली. म्हणजे कुठल्याही जुन्या रुग्णालयाच्या नोंदवह्यांत हा सांधा येतोच. शेतकऱ्याला यात नवीन काही नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, तो बोलतो एकर-गुंठ्यात, आणि वाटणीच्या वेळी भांडण होतं ते रूपांतरात गळलेल्या गुंठ्यावरून. नोंदी जुळवणाऱ्यांचा म्हणून पहिला नेम असा, की मूळ आकडा कधी पुसायचा नाही. एका रकान्यात मूळ '५ पौंड ८ औंस', शेजारी ग्रॅम, आणि त्याच्या शेजारी कसं बदललं त्याची टीप. जागा जास्त लागते, पण उद्या व्याख्या बदलली तरी काम वाया जात नाही.

वजन तरी एका काट्यावरचं. गरोदरपणातल्या मधुमेहाचं काय, ते पाहिलं की डोकं गरगरतं.

१९९७-९८मध्ये म्हैसूरच्या याच रुग्णालयात 'पार्थेनॉन' नावाचा नवा अभ्यास सुरू झाला. डॉ. जी. व्ही. कृष्णवेणी यांनी तो पुढे वर्षानुवर्षं सांभाळला. त्यात ८३० गरोदर स्त्रिया होत्या. ग्लुकोज पाजून तपासणी झालेल्या ७८५ जणींपैकी ६.२ टक्के स्त्रियांना गरोदरपणातला मधुमेह निघाला. हा आकडा जास्त की कमी? आज एखाद्या रुग्णालयानं आमच्याकडे १५ टक्के आहेत असं सांगितलं, तर म्हैसुरात मधुमेह अडीच पटींनी वाढला असं म्हणायचं का?

थांबा. पार्थेनॉनमध्ये १०० ग्रॅम ग्लुकोज दिलं होतं, तीन तास रक्त घेतलं होतं आणि कार्पेंटर-कूस्टन यांचे निकष लावले होते. त्यात उपाशीपोटी ९५, एका तासानं १८०, दोन तासांनी १५५ आणि तीन तासांनी १४० मिलिग्रॅम या मर्यादांपैकी किमान दोन ओलांडल्या तर मधुमेह. २०१०मध्ये नवे आंतरराष्ट्रीय निकष आले. त्यांत ग्लुकोज ७५ ग्रॅम, मर्यादा ९२, १८० आणि १५३, आणि यांतली एक जरी ओलांडली तरी मधुमेह. आपल्याकडे चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकारानं रुजलेली पद्धत आणखी वेगळी. बाई जेवून आली असो वा उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज द्या आणि दोन तासांनी १४० किंवा जास्त आलं तर मधुमेह. खेड्यातून बस बदलत येणाऱ्या बाईला उपाशीपोटी बोलावणं जमत नाही, हे लक्षात घेऊन केलेली ही पद्धत आहे, आणि सरकारी कार्यक्रमानंही तीच स्वीकारली.

आता एक बाई घ्या. तिची उपाशीपोटी साखर ९३, तासानं १५०, दोन तासांनी १३०. २०१०च्या निकषानुसार ती मधुमेही. आपल्या सरकारी पद्धतीचा उंबरठा लावला तर नाही. दुसरीची उपाशीपोटी ८५, तासानं १६०, दोन तासांनी १४५. ती सरकारी उंबरठ्यानुसार मधुमेही आणि २०१०च्या निकषानुसार नाही. केसपेपरवर दोघींच्या नावापुढे नुसतं 'जीडीएम' (गरोदरपणातला मधुमेह) 'होय' किंवा 'नाही' एवढंच लिहून ठेवलं, तर पुढे कुणीही कितीही हुशार संगणक आणला तरी त्या दोघींची तुलना होणार नाही. पण तीन आकडे, वेळ आणि किती ग्रॅम ग्लुकोज दिलं एवढं लिहिलेलं असलं, तर आजचे, कालचे, उद्याचे कुठलेही निकष लावता येतात. नऊ देशांतल्या सुमारे २५ हजार गरोदर स्त्रियांचा 'हापो' नावाचा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. आईची साखर वाढते तसा बाळाचा धोका सलग चढत जातो, मध्ये कुठे पायरी नाही, असं त्यातून दिसलं. म्हणजे रेघ आपणच मारतो आणि ती पुन्हा कधीतरी सरकणार. माझं मत यात अगदी ठाम आहे. नोंदीत निदान असावंच, पण निदान ठेवून मोजमाप टाकून दिलेली नोंद संशोधनाला जवळजवळ निरुपयोगी असते, आणि पुढच्या डॉक्टरलाही फारशी उपयोगाची नसते.

पार्थेनॉनच्या साठवलेल्या आकड्यांचा असाच पुढे उपयोग झाला. या स्त्रियांचं बी-१२ जीवनसत्त्व पाहिलं तेव्हा ४३ टक्के जणींत ते कमी होतं, आणि कमी असलेल्यांत गरोदरपणातला मधुमेह ८.७ टक्के, बाकीच्यांत ४.६ टक्के निघाला. हा निबंध लिहिणाऱ्यांत पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक होते. त्यांचा पुण्याजवळच्या सहा गावांतला माता-पोषण अभ्यास १९९३मध्ये सुरू झालेला. पुण्याकडच्या आणि म्हैसूरच्या बायका खातात वेगळं, पण बी-१२ची उणीव दोन्हीकडे निघाली. ही तुलना ज्या उंबरठ्यावर केली तो १५० पिकोमोल प्रतिलिटरचा. तुमच्या-आमच्या लॅबच्या रिपोर्टवर तो सुमारे २०० पिकोग्रॅम प्रतिमिलिलिटर असा छापलेला असतो. एकच गोष्ट. साखरेचंही तसंच आहे. लंडनला राहणाऱ्या भाच्यानं 'माझी शुगर साडेपाच आहे' म्हटलं तर घाबरू नये. त्याला १८नं गुणायचं, म्हणजे आपली ९९ झाली. एचबीए१सी आपल्याकडे ७ टक्के म्हणतात तेव्हा इंग्लंडच्या रिपोर्टवर ५३ असतं.

याज्ञिकांच्या गावांतल्या बाळांची साउथॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा पुण्याकडचं बाळ सरासरी २.७ किलोचं आणि तिकडचं ३.५ किलोचं. आपलं बाळ सगळ्याच मापांत लहान होतं, पण पाठीवरच्या चिमटीत येणाऱ्या चरबीत त्या मानानं फारसं मागे नव्हतं. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. म्हैसूरच्या बाळांतही हेच चित्र दिसलं. आता ही चिमूट कशी घ्यायची हे ठरलेलं नसेल तर सगळा डोलारा कोसळतो. खांद्याच्या पात्याखाली नेमकी कुठे, कॅलिपर लावल्यावर किती वेळानं वाचायचं, पुन्हा किती वेळा घ्यायची, आणि दोन मापणाऱ्यांत फरक किती पडतो, हे आधी एकत्र बसून ठरवावं लागतं. मागाहून कुठल्याही गुणाकारानं ते दुरुस्त होत नाही.

आधीच एक माप ठरवण्याचं उत्तम उदाहरण आपल्या नागपूरचं आहे. 'इंटरग्रोथ-२१' या अभ्यासात आठ ठिकाणं होती. ऑक्सफर्ड, सिएटल, ट्युरिन, मस्कत, नैरोबी, पेलोटास, बीजिंगचा शुन्यी भाग आणि नागपूर. आठही ठिकाणी सोनोग्राफीचं एकाच प्रकारचं यंत्र, एकच पद्धत, मापणाऱ्यांचं एकच प्रशिक्षण. सुमारे ४,६०० गरोदर स्त्रियांमधल्या गर्भांची वाढ त्यात टप्प्याटप्प्यानं मोजली. आई निरोगी असेल, पोट भरलेलं असेल तर नागपूरचा गर्भ आणि ऑक्सफर्डचा गर्भ जवळजवळ सारखाच वाढतो, असा निष्कर्ष २०१४मध्ये निघाला. यंत्रं वेगवेगळी असती तर पहिला वाद यंत्रांवरच झाला असता.

पण सगळ्यांनाच कोऱ्या पाटीवर सुरुवात करता येत नाही. दिल्ली, ब्राझील, ग्वाटेमाला, फिलिपीन्स आणि दक्षिण आफ्रिका इथल्या पाच जुन्या अभ्यासांची मोट २००८मध्ये बांधली गेली तेव्हा प्रत्येकानं मुलांना वेगळ्या वयात मोजलं होतं. मग सगळ्यांकडे जे समान मिळत होतं तेवढंच घेतलं आणि मुलाची उंची त्या वयाच्या प्रमाणित उंचीपेक्षा किती वर किंवा खाली आहे अशा रूपात बदलली. दोन वर्षांच्या वयातली उंची पुढच्या शिक्षणाशी आणि कमाईशी जोडलेली आहे, हे त्यातून निघालं. जुळवताना काही सोडावं लागतंच. ग्वाटेमालाकडे असलेली एखादी सुंदर बारीक नोंद बाकी चौघांकडे नसेल तर ती बाहेर राहते. जुळवणी म्हणजे सगळ्यांत कमी असलेल्याच्या पातळीला येणं, हा त्याचा तोटा मान्य करायला हवा.

आता आजचं. केंद्र सरकारनं १५ ऑगस्ट २०२०ला राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहीम जाहीर केली आणि २७ सप्टेंबर २०२१ला ती आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावानं देशभर लागू झाली. 'आभा' हा चौदा आकडी क्रमांक त्यातलाच. म्हैसूरच्या पथकाला जे घरोघर फिरून करावं लागलं, म्हणजे हा तोच माणूस का हे ठरवणं, ते काम हा क्रमांक सोपं करतो. नोंदी मात्र ज्या त्या रुग्णालयातच राहतात आणि तुमच्या संमतीनं एकीकडून दुसरीकडे जातात, अशी रचना आहे. त्या कुठल्या साच्यात जायच्या, शब्द कुठले वापरायचे, याची देखभाल करणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यात आहे, सी-डॅकमध्ये.

साच्याचं नाव 'फायर'. शब्दांसाठी 'स्नोमेड सीटी'. भारत २०१४मध्ये त्याचा सदस्य झाल्यामुळे ते देशात फुकट वापरता येतं. त्याची गरज अशी, की डॉक्टर घाईत 'एमआय' लिहितो. ते हार्ट अटॅकचं लघुरूप असू शकतं आणि हृदयाच्या मायट्रल झडपेच्या गळतीचंही. स्नोमेडमध्ये हार्ट अटॅकला २२२९८००६ हा एकच क्रमांक आहे, मग तो बेळगावात नोंदवा वा बोस्टनला. प्रयोगशाळेच्या चाचण्यांसाठी अमेरिकेतल्या रेगनस्ट्रीफ संस्थेनं १९९४मध्ये सुरू केलेली 'लॉइंक' ही यादी आहे. त्यात नुसत्या साखरेचा क्रमांक २३४५-७ आणि उपाशीपोटी साखरेचा १५५८-६. जन्माच्या वेळी मोजलेल्या वजनालाही स्वतःचा क्रमांक आहे, ८३३९-४.

हे सगळं हवंच. पण हे क्रमांक म्हणजे पाटी आहे, माल नव्हे. '८३३९-४' या पाटीखाली कुणी अंदाजे २.५ भरलं, तर ते अचूक पाटी लावलेलं अंदाजपंचे वजनच राहतं. आणि केसपेपरचा मोबाइलवर काढलेला फोटो 'आभा'शी जोडला, तर तो माणसाला वाचता येतो. संगणकाला त्यातला आकडा उचलून दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. किती कोटी 'आभा' क्रमांक काढले याच्या जाहिराती होतात. त्या क्रमांकामागे एककासह लिहिलेली किती मोजमापं आहेत, याची जाहिरात अजून माझ्या पाहण्यात नाही.

उपचारांच्या बाजूनं याचा अर्थ काय होतो? म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातली एक बाई कल्पनेनं डोळ्यांसमोर आणा. गरोदरपणी तिची नोंद माता-बाल आरोग्याच्या पोर्टलवर होते आणि हातात 'तायी कार्ड' पडतं. तिला गरोदरपणातला मधुमेह निघतो. बाळंतपण म्हैसूरला होतं, तिथे वेगळा केस नंबर. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासायला हवी, पण बाई तोवर माहेरी गेलेली असते. साखर उतरलेली वाटते, कार्ड ट्रंकेत जातं. मधुमेह-रक्तदाबाच्या सरकारी तपासणीत ती येते ती तिशी उलटल्यावर, आणि त्या कार्यक्रमाचं पोर्टल वेगळं. गरोदरपणी साखर वाढलेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, हे एका पोर्टलला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही. मधली पाच-सहा वर्षं, जेव्हा आहार-व्यायामानं काही करता आलं असतं, ती अशीच जातात. तालुक्यातली आशा कार्यकर्ती हे सगळं ओळखून असते. तिनं काम सोडलं, की माहिती गेली. संशोधकासाठी नोंदी जुळवणं आणि या बाईसाठी जुळवणं ही दोन कामं नाहीत.

खासगीपणाची भीती मात्र रास्त आहे. गर्भपात, एचआयव्ही, मानसिक आजार यांच्या नोंदी एका बटणावर एकत्र येणं कुणालाही नको असेल. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, तो आवश्यकच होता. त्याखेरीज एक तांत्रिक वाटही आहे. 'डेटाशील्ड'सारख्या पद्धतींत नोंदी हलवतच नाहीत. प्रश्न प्रत्येक रुग्णालयाच्या संगणकाकडे पाठवतात, उत्तर म्हणून फक्त सरासरी आणि बेरजा परत येतात, माणसं जागच्या जागी राहतात. पण त्यासाठीही दोन्ही ठिकाणचे रकाने एकाच अर्थाचे हवेत. ते नसतील तर सरासरी पौंड आणि किलोंची येईल.

म्हणून वाचकांना एक विनंती, आणि ती अगदी घरगुती आहे. घरात बाळ येईल तेव्हा डिस्चार्ज कार्डावर वजन ग्रॅममध्ये, काट्यावर दिसलं तसं, लिहून मागा. 'अडीच' चालवून घेऊ नका. लांबी आणि डोक्याचा घेरही मागा. गरोदरपणी साखर तपासली असेल तर नुसतं 'नॉर्मल' नको. किती ग्रॅम ग्लुकोज, किती वाजता, किती आली, ते लिहून घ्या. आणि ती फाइल बाळ मोठं झालं म्हणून रद्दीत घालू नका. सुनेची असेल तर तिच्याबरोबर जाऊ द्या, आणि लेकीची असेल तर सासरी पाठवताना दागिन्यांच्या डब्याबरोबर तीही द्या.